झोपेचं साउंड मशीन मागवलं, आत निघाला बेडूक (३ स्टार)

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, रात्री कंटेनर सुरू झाले की खिडक्या लावूनही हॉर्न डोक्यात वाजतो, म्हणून ऑनलाइन १,८९९ ला हे मशीन घेतलं. पंखा आणि पाऊस हे दोन आवाज मस्त आहेत, त्यात वादच नाही.

घोळ आहे तो 'रेनफॉरेस्ट'चा. लावलं तर नुसतं को-की, को-की, को-की. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं कोणाचा मोबाईल वाजतोय, उचला की!" मला पक्षी वाटला. भाची झूलॉजीला आहे, ती ऐकून म्हणाली मावशी हा पोर्टो रिकोचा कोकी बेडूक, आवाजावरूनच नाव पडलंय. मग शोधत बसले आणि उरलीसुरली झोपपण गेली. जेमतेम अंगठ्याएवढा प्राणी, ओरडतो फक्त नर, आणि त्यातलं 'को' बाकीच्या नरांना दम द्यायला की ही जागा माझी, 'की' मादीला बोलवायला. अंडी पाण्यात नाहीच, वाळक्या गुंडाळलेल्या पानात वगैरे, आणि त्यांची राखण बाबा करतो, सुकू नयेत म्हणून वर बसून राहतो. बेडूकमासा हा प्रकारच नाही, दोनतीन आठवड्यांत अंड्यातून डायरेक्ट इवलासा बेडूक बाहेर. आपल्याकडे पावसात डबक्यात डराव डराव करणारे मोठे पिवळे बघून मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं.

आता गंमत ऐका. हाच बेडूक कुंड्यांमधल्या रोपांबरोबर हवाईला पोचला, तिथे मुळात एकही देशी बेडूक नव्हता, आणि आता तिथली माणसं याच्यामुळे झोपत नाहीत. अर्ध्या मीटरवरून एकाच बेडकाचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास, म्हणजे उशाशी मिक्सर. त्याला मारायला ते सायट्रिक ॲसिड फवारतात, हो तेच, आपण ढोकळ्यात घालतो ते. आणि मी पैसे देऊन उशाशी आणलाय.

तरी चाललं असतं, पण रेकॉर्डिंग ४० सेकंदांचंच आहे आणि दरवेळी नेमकं 'को' वर तुटतं. दमदाटी झाली की संपलं, मादीला हाक जातच नाही, बिचाऱ्याचं लग्न कसं जमायचं! कस्टमर केअरचं एकच, "मॅडम, ओरिजिनल नेचर साउंड आहे."

पंखा-पावसासाठी घ्या. रिटर्नचे १० दिवस होते, ते मी बेडकांचं वाचण्यात घालवले.