फिटमेंट डेटाच्या नावाखाली ३,५२० डॉलर गेले, तुम्ही तरी सांभाळा

लिहायची लाज वाटते, पण गप्प बसले तर तो माणूस उद्या तुमच्याकडे येईल.

अमेरिकेतल्या गाड्यांचे सुटे भाग आम्ही ऑनलाइन विकतो, ११,४०० पार्ट. कुठला पार्ट कुठल्या सालच्या कुठल्या मॉडेलला बसतो, हे जुळवणं म्हणजे फिटमेंट, आणि ते किती जिवावर येतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. दोन वर्षं मी रात्री जागून एक्सेलमध्ये करत होते. तेव्हा हा भेटला. सगळं एसेस फॉरमॅटमध्ये, म्हणजे फिटमेंट लिहायच्या ठरलेल्या साच्यात, आणि व्हीसीडीबीशी, म्हणजे गाड्यांच्या प्रमाणित यादीशी, जोडून देतो म्हणाला. ठरले ४,८०० डॉलर, त्यातले २,८८० आगाऊ.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. २०० ओळींचा नमुना मागवला, एकेक ओळ उत्पादकांच्या कॅटलॉगशी ताडून पाहिली. एकही चूक नव्हती. बेस व्हेईकल आयडी (साल, कंपनी, मॉडेल मिळून एक क्रमांक), क्वालिफायर (पार्ट कुठल्या अटीवर बसतो ती नोंद), सगळं त्याला तोंडपाठ. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता. पण नमुन्यातले पार्ट त्याने निवडले होते. ते तुम्ही निवडा, आणि अडचणीचेच निवडा: एकाच मॉडेलला दोन मापांच्या ब्रेक डिस्क येतात, तसले.

पहिली खेप आली. ऑइल फिल्टरच्या यादीत निसान लीफ. लीफ बॅटरीवर चालते, तिला इंजिनच नाही, ऑइल फिल्टर लावणार कुठे? ती ओळ मी वाचली. त्याला विचारलंही. "मॅडम, मॅपिंगमध्ये एखादी ओळ सरकते, फायनलला साफ होईल." आणि त्याच संध्याकाळी व्हीसीडीबीचं लायसन्स रिन्यू करायचं म्हणून त्याने मागितलेले ६४० डॉलर मी पाठवले. त्याच संध्याकाळी! महिने झाले, ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

व्हीसीडीबीला ऑटो केअर असोसिएशनचं सबस्क्रिप्शन लागतं. ते कुणाच्या नावावर आहे, हे आधी बघा. मी बघितलं नाही.

डेटा दुसऱ्या दुकानांच्या साइटवरून उचललेला होता. वर्षं सरसकट ताणलेली, २००८ ते २०१४. एबीएस आहे की नाही, कुठेच नोंद नाही. पॉन्टियॅक २०१३ अशाही ओळी होत्या, तो ब्रँड २०१० मध्येच बंद झाला. हे कळेपर्यंत फाइल अपलोड झाली होती. २१७ पार्ट परत आले, जाण्यायेण्याच्या वाहतुकीचे ४,०३६ डॉलर. एकूण ७,५५६. नवी फाइल आधी ५० पार्टवरच सोडायची असते, हे मला माहीत होतं. पण जुन्या चुकांमुळे ऑर्डरी रद्द होत होत्या, घाई होती.

पेमेंट कंपनी म्हणते, फाइल मिळाली म्हणजे माल मिळाला. चुकीच्या ओळींची यादी तीनदा पाठवली, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. पोलिसांना फिटमेंट म्हणजे काय हे समजावण्यात दोन तास गेले, शेवटी "हा दिवाणी वाद आहे, वकील करा." चोराने खोटं नाणं दिलं तर तोही दिवाणी वाद का? आणि ज्या प्लॅटफॉर्मवर तो भेटला, त्यांनी माझी तक्रार चौदा दिवसांत बंद केली. कारण काय, तर व्यवहार त्यांच्या बाहेर झाला. बाहेर पैसे द्यायला त्यानेच सांगितलं, "कमिशन वाचेल" म्हणून. तसं कुणी म्हणालं की तिथेच उठा.

त्याची जाहिरात अजून तिथेच आहे. नमुना २०० ओळींचाच देतो.