पाठीच्या बाकासाठीचा कडक ब्रेस, आठ महिने वापरून

माझा धाकटा भाऊ १४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग आहे, बोलत नाही. आंघोळ घालताना आईला दिसलं की पाठ एका बाजूने फुगलीय आणि उजवा खांदा वर चढलाय. वाकून दाखव म्हटलं तर त्याला कळत नाही, त्यामुळे आधी कुणी नीट तपासलंच नव्हतं. एक्सरेत बाक निघाला ३४ अंश. १० किंवा जास्त असला की स्कोलियोसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, म्हणतात, आणि वाढीच्या वयात साधारण २५ ते ४० मध्ये ब्रेस देतात.

ब्रेस म्हणजे काखेपासून कंबरेखालपर्यंत मापाचं प्लॅस्टिकचं कवच, मागे तीन वेल्क्रोचे पट्टे, आतून बाकावर दाब देणाऱ्या गाद्या. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. पट्टे लावायला घेतले की हा स्वतःचा हात चावायचा आणि जिथे बनवला तिथे विचारलं तर 'होईल हो सवय' एवढंच उत्तर. शेवटी आम्हीच उघडून बघितलं तर काखेत लाल वळ, तासाभराने पण तसाच. ब्रेस काढल्यावर लाली अर्ध्या तासात जायला पाहिजे, नाही गेली तर तो टोचतोय. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही त्याचं चावणं हेच सांगणं असतं, हे तिथल्या माणसांना कळायला नको का?

मग दुसऱ्या ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे असे ब्रेस बनवून बसवणाऱ्याकडे, गेलो. त्यांनी कडा गरम करून बाहेर वळवली, थोडी कापली, आणि जमिनीवर त्याच्यासमोर बसून पट्टा त्याच्या हातात दिला. वेल्क्रोचा खर्रर्र आवाज त्याला इतका आवडला की आता तो ऐकायला ब्रेस स्वतःच घेऊन येतो.

फायदा म्हणाल तर बसणं. आधी डाव्या हातावर रेलून बसायचा, तो हात त्यातच अडकायचा, आता दोन्ही हातांनी ठोकळे रचतो. सहा महिन्यांनी बाक ३६, एक्सरे मोजण्यात तेवढा फरक पडतोच म्हणे, म्हणजे सध्या तरी थांबलाय. बाक सरळ होईल म्हणून मात्र घेऊ नका, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की ५० च्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

घाम खूप येतो, आत बिनशिवणीचा सुती बनियन घालून दिवसातून दोनदा बदलतो. जेवणानंतर पट्टे थोडे सैल करतो, पोट दाबलं जातं. आणि फिटिंगला जाताना वळांचे फोटो काढून न्या, तिथे पोचेपर्यंत लाली उतरलेली असते आणि मग तुमचं कुणी ऐकत नाही.