खापरं वेचावीत, घर खणावं की आकाशातून बघावं?

समजा, पुरातत्त्व शिकताय आणि एक उन्हाळा ग्रीसमध्ये किंवा इटलीत घालवायचा आहे. विषयही पक्का आहे: अथेन्स-रोमची देवळं नकोत, शहराबाहेर शेतात राहिलेल्या माणसांचा शोध घ्यायचा आहे. गाडं अडतं ते पुढे. शेतं तुडवणाऱ्या सर्वेक्षणात जायचं, एखादं शेतघर खणणाऱ्या चमूत जायचं, की हवाई छायाचित्रं घेऊन पडद्यासमोर बसायचं? उन्हाळा एकच आणि प्रबंधही एकच.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. जुनी वस्ती शोधायची तर पांढरीचं टेकाड शोधायचं, ही सवय महाराष्ट्रात शिकलेल्याच्या अंगी मुरलेली असते. ग्रीसमध्ये ती बऱ्याचदा उपयोगी पडत नाही. इ.स.पू. चौथ्या शतकातलं एखादं कुटुंब काळीतच घर बांधून राहिलं, एक-दोन पिढ्यांत निघून गेलं. कच्च्या विटांच्या भिंती पावसात विरघळल्या, टेकाड झालंच नाही. नांगर फिरला की कौलांचे आणि रांजणांचे तुकडे वर येतात, एवढीच काय ती खूण.

ही खूण वेचायला चालावं लागतं. जुनी पद्धत जीप, हवाई छायाचित्रं आणि गावकऱ्यांकडून मिळालेली माहिती यांवर चाले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या चमूनं ग्रीसच्या नैर्ऋत्येकडच्या मेसेनियात सुमारे 3,800 चौरस किलोमीटरचा मुलूख असा पालथा घातला, त्याचा ग्रंथ 1972 साली निघाला. मोठी ठिकाणं सापडली, पण एकेकटी शेतघरं बहुतेक निसटली. 1970च्या दशकाच्या अखेरीस जॉन बिंटलिफ आणि अँथनी स्नॉडग्रास या पुरातत्त्वज्ञांनी मध्य ग्रीसमधल्या बिओशियात दुसरी वाट धरली. माणसांची ओळ करायची, दोघांत साधारण 15 मीटर अंतर ठेवायचं आणि दिसेल ते खापर मोजत पुढे जायचं. प्रत्येकाला डाव्या-उजव्या बाजूला मीटरभर नीट दिसतं असं धरलं, तर प्रत्यक्षात जमिनीचा सातवा-आठवा हिस्साच नजरेखालून जातो. तरीही हाती आलेलं चित्र थक्क करणारं होतं: चौथ्या शतकात शेतघरांनी गजबजलेला मुलूख आणि रोमन अंमलाच्या सुरुवातीला त्यातली बरीच ओस. ही माणसं संपली की गावात राहायला गेली, हा वाद अजून चालू आहे. असा प्रश्न विचारायचा तर सर्वेक्षणाला पर्याय नाही. एकच घर खणून तो सुटणार नाही.

पण बिओशियात आणखी एक गोष्ट दिसली. घरांपासून लांब, भर शेतातही विरळ खापरं पसरलेली होती. बिंटलिफ आणि स्नॉडग्रास म्हणाले, हे खतातून आलं. आपल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नसावी. उकिरड्यातलं खत शेतात पडतं तेव्हा त्यासोबत बांगड्यांच्या काचा आणि फुटक्या मडक्यांचे तुकडेही येतातच. काही अभ्यासकांना मात्र हे पटलेलं नाही. खत हे एकच कारण सगळीकडे लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा कौल खताच्या बाजूनं, पण सरसकट नाही. दूरच्या, चढणीच्या शेतात खत कोण वाहून नेणार?

मग दाट खापरं दिसली की तिथं घर होतं, एवढं तरी नक्की? इथं खोदकामवाल्यांचं पारडं जड होतं. दक्षिण तस्कनीत चिनिजियानो गावाजवळ 2009 ते 2014 या काळात किम बोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वेक्षणात ‘लहान शेतघर’ म्हणावं अशी ठिकाणं मुद्दाम निवडून खणली. काही ठिकाणी घर निघालं. काही ठिकाणी जनावरांचा आडोसा, कुठे फळं गाळायची जागा, कुठे निव्वळ पाणी काढून द्यायचा चर. नकाशावरचे ठिपके मोजून, प्रत्येक ठिपक्याला एक कुटुंब धरून लोकसंख्या काढणाऱ्यांना याचा चांगलाच फटका बसला. आणि घर खरंच निघालं तर मिळणारा तपशीलही वेगळाच असतो. अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातलं वारी इथलं शेतघर 1966 साली खणलं गेलं. अंगण, त्याभोवती खोल्या आणि मधमाश्यांसाठी केलेली, आतून रेघोट्या ओढलेली मातीची भांडी. इथं कोणी मध काढत होतं, हे कळल्यावर तो ठिपका राहत नाही.

हवाई पद्धतीबद्दल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात काढलेल्या छायाचित्रांवरून जॉन ब्रॅडफर्ड यांनी इटलीच्या तावोलियेरे मैदानात खंदकांनी वेढलेली नवाश्मयुगीन गावं शेकड्यानं दाखवली. मैदान सपाट, पीक एकसारखं, बुजलेल्या खंदकावरचं धान्य वेगळ्या रंगाचं दिसतं. झुडपांनी भरलेल्या ग्रीक डोंगरात ही करामत चालत नाही. चौथ्या शतकातल्या एका कुटुंबाचं घर वरून सहसा दिसतच नाही. गुडघे दुखत असतील किंवा संगणकावर हात चांगला बसलेला असेल, तर हा मार्ग घ्या. पण फक्त याच्यावर प्रबंध उभा करू नका.

मला विचाराल तर पहिला उन्हाळा चालण्यात घालवा. खोदकामात एका चौकोनात चार आठवडे जातात आणि शेजारच्या शेतात काय आहे ते कळत नाही. चालताना ओढ्यानं आणलेल्या गाळाखाली काय गाडलं गेलं असेल, तणानं काय झाकलं, कच्च्या भाजणीची प्रागैतिहासिक खापरं का टिकत नाहीत, हे सगळं पायांना कळत जातं. प्रकल्प निवडताना क्षेत्रफळाला भुलू नका. अँड्र्यू बेव्हन आणि जेम्स कोनोली यांनी 2005 पासून अँटिकिथेराचं अवघं सुमारे 20 चौरस किलोमीटरचं बेट पिंजून काढलं आणि म्हणूनच तिथल्या मोकळ्या जागाही बोलतात. अर्ज करण्याआधी विचारा: घरांपासून लांबची खापरं मोजता का, जमीन किती उघडी होती याची नोंद ठेवता का, काही ठिकाणी खणून पडताळा घेता का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर बाकी सगळं गैरसोयीचं असलं तरी तिथंच जा.

चौथा पर्यायही आहे, आधी वेचलेली खापरं पुन्हा तपासायचा; फक्त त्यात ऊन लागत नाही. 1950च्या दशकापासून जॉन वॉर्ड-पर्किन्स यांच्या पुढाकारानं रोमच्या उत्तरेला, दक्षिण एट्रुरियात, खोल नांगरटीनं खुणा नाहीशा होण्याआधी घाईनं सर्वेक्षण झालं. ती खापरं रोममधल्या ब्रिटिश स्कूल या संशोधन संस्थेनं जपून ठेवली. दरम्यान रोमन भांड्यांच्या कालगणनेत मोठी भर पडली होती. 1990च्या दशकाच्या अखेरीस टायबर खोऱ्याच्या प्रकल्पात तीच खापरं पुन्हा तपासली गेली आणि कुठल्या शतकात किती वस्त्या होत्या याचे आधीचे आकडे बदलले. खणलेलं घर दुसऱ्यांदा खणता येत नाही. म्हणून प्रकल्पाला पाठवायच्या पत्रात आणखी एक ओळ घाला: हंगाम संपल्यावर वेचलेली खापरं कुठं ठेवता आणि ती बाहेरच्या विद्यार्थ्याला बघू देता का?