डिचोलीतला एक दवाखाना: बीपीची खुर्ची, तापाची चौकशी आणि न वाचलेले रिपोर्ट

गोव्यातल्या डिचोली बाजारापासून पाचेक मिनिटं चालत असलेल्या या दवाखान्यात तीन डॉक्टर बसतात. दोन एमबीबीएस रविवार सोडून रोज असतात, एक एमडी मेडिसिन मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी येतात. फी ३०० रुपये. त्याच दुखण्यासाठी सात दिवसांत परत गेलात तर घेत नाहीत. साखळी, मये, लाटंबार्सेहून लोक इथे येतात, आणि का म्हणून विचारलं तर सांगतात, हातगुण चांगला आहे. तो हातगुण कुठून येतो हे तपासणीच्या खोलीत गेल्यावर दिसतं. तिथे बीपी मोजायची एक खुर्ची आहे, आधी तिच्याबद्दल लिहायला हवं.

खुर्चीला पाठ आहे. शेजारचं टेबल इतक्या उंचीचं की हात ठेवला की दंड हृदयाच्या पातळीत येतो. नर्स पहिल्यांदा विचारते, लघवीला जाऊन आलात का. तुंबलेल्या लघवीनेही बीपी वाढतं. मग पाच मिनिटं बसवून ठेवते. "काकी, आता बोलू नका हां. पाय सरळ खाली टेका, एकावर एक नको." पहिलं रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं, आणि दोन्ही आकडे फाईलमध्ये. नव्या पेशंटचं पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर बीपी घेतात आणि जास्त आकडा येणाऱ्या हातावरच पुढे मोजत राहतात.

भिंतीवर तीन मापांचे कफ, म्हणजे बीपी मोजताना दंडाला बांधायचे पट्टे, टांगलेले आहेत. दंडाचा घेर टेपने मोजून त्यातला एक निवडतात. ही गोष्ट किरकोळ नाही. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. हात लोंबता ठेवला तर आणखी वाढतं, कारण कफ हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली गेला की साधारण आठ मिलिमीटरची भर आपोआप पडते. दवाखान्यात धावत आलेला, गप्पा मारत असलेला, चुकीचा कफ बांधलेला माणूस अशा मोजणीत सहज १५० वर जातो आणि आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होतात. इथे एका भेटीवर गोळी चालू करत नाहीत. आकडा १८० च्या वर नसेल आणि त्रास काही नसेल, तर आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहून आणायला सांगतात.

म्हाताऱ्या माणसांचं उभं राहूनही बीपी घेतात, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळ्या पुन्हा तपासतात. यात बहुतेक वेळा प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन ही बीपी उतरवणारी गोळी सापडते, जी दुसऱ्याच डॉक्टरने दिलेली असते. रात्री लघवीला उठलेला आजोबा चक्कर येऊन पडतो, त्याच्या मांडीचं हाड मोडतं, आणि कारण म्हणून ओली फरशी सांगितली जाते. हे टाळायला तीन मिनिटं लागतात. ती देणारे दवाखाने थोडे आहेत.

जून ते ऑक्टोबर या दवाखान्याची खरी परीक्षा असते. तापाच्या पेशंटला पहिला प्रश्न, ताप कितवा दिवस? पहिल्या पाच दिवसांत डेंगीसाठी एनएस१ (विषाणूचा अंश शोधणारी रक्ततपासणी) करायची, त्यानंतर आयजीएम (शरीरात उशिरा तयार होणारी प्रतिपिंडं शोधणारी). चौथ्या दिवशी आयजीएम करून ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होणं ही सगळीकडे होणारी चूक, इथे ती होत नाही. पुढचे प्रश्न कामाचे. शेतात चिखलात उतरला होतात का, पायाला जखम होती का? हे लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप). पोटऱ्या दाबून बघतात, डोळे लाल आहेत का पाहतात. बांधकामावर काम करता का, थंडी वाजून ताप येतो का? हे मलेरियासाठी. मलेरियाचं रक्त सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात हेही सांगतात. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विनच्या तीन दिवसांवर थांबत नाहीत. जी६पीडी (हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात) बघून प्रायमाक्विनचे चौदा दिवस पुरे करून घेतात. ते अर्धवट सोडलं तर यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. काजूच्या हंगामात आणखी एक प्रश्न वाढतो: सत्तरी तालुक्याच्या बाजूला बागायतीत गेला होतात का, माकड मेलेलं दिसलं का? २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे (माकडांवरच्या गोचिडांतून माणसाला होणारा विषाणूचा ताप) रुग्ण सापडले आहेत. त्यामुळे जानेवारी ते मे या काळात हा प्रश्न न विचारणारा या भागातला डॉक्टर कच्चा म्हणावा लागेल.

डेंगीचा संशय असलेल्याला घरी पाठवताना हातात मराठीत छापलेला कागद देतात. फक्त पॅरासिटामॉल, सहा तासांच्या आत दुसरी गोळी नाही. ब्रूफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही. पेज, शहाळं, ओआरएस भरपूर. रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). आणि ठळक अक्षरात, ताप उतरला की जास्त जपा. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप जातो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात सारखं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, सुस्ती, यातलं काहीही झालं तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, सरळ दवाखान्यात. घरची माणसं प्लेटलेट मोजत बसतात. इथे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, पाणी झिरपलं की ते वाढतं) चढतोय का तेही पाहतात, ही खरी जाणकारी.

"एक सुई मारा, लवकर बरं वाटेल" ही मागणी रोज होते आणि रोज नाकारली जाते. प्लेटलेट उतरलेल्या माणसाला कमरेत सुई दिली तर तिथे रक्त साकळून गाठ होते. हे समजावून सांगायला डॉक्टर दोन मिनिटं खर्च करतात, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

तरी तिन्ही डॉक्टर सारखे नाहीत. संध्याकाळी बसणाऱ्या एका डॉक्टरांकडून साध्या सर्दीला, नाक वाहतंय, घसा खवखवतोय एवढ्यावर, अ‍ॅझिथ्रोमायसिनचे तीन दिवस लिहून दिले जातात. विषाणूच्या सर्दीवर त्याचा काही उपयोग नाही, आणि उद्या टायफॉइड झाला तर तेच औषध लागणार असतं. सकाळी नुसती वाफ आणि मिठाच्या गुळण्या सांगतात, संध्याकाळी अँटिबायोटिक देतात, एका छपराखाली हे शोभत नाही.

मधुमेहाचं काम बरं आहे, पण अर्धं. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तीन महिन्यांनी करतात, साखर आटोक्यात असेल तर सहा महिन्यांनी. रक्त कमी असलेल्या बाईचा एचबीएवनसी जास्त आला तर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, कारण लोहाच्या कमतरतेत तो फुगतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ पाहतात. पण पाय? मंगळवार, गुरुवार, शनिवारी एमडी डॉक्टर चप्पल काढायला लावतात, बोटांच्या बेचक्या बघतात, दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याला टोचून स्पर्श कळतो का विचारतात. इतर दिवशी पाय कोणी बघत नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनची वर्षातून एकदा करायची तपासणीही निम्म्या फाईलींत दिसत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की वाढतं ते) वाढायच्या कितीतरी आधी मूत्रपिंडाचं दुखणं त्या तपासणीत कळतं, म्हणून ती चुकवणं महागात पडतं.

लशींचा फ्रिज वेगळा आहे, त्यात दूध-पाणी ठेवत नाहीत. आत थर्मामीटर, दारावर तक्ता, दिवसातून दोनदा नोंद, दोन ते आठ अंश. धनुर्वात आणि कावीळ-बी च्या लशी फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब, मधल्या खणात. या लशी गोठल्या की वाया जातात आणि बाहेरून नेहमी ओळखूही येत नाहीत. तक्त्यावर रविवारचे रकाने मात्र कोरे असतात. पावसाळ्यात वीज रविवारीही जाते.

छातीत दुखणाऱ्याला नंबर लागत नाही. दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढतात आणि झटक्याची खूण दिसली तर अ‍ॅलर्जी वा रक्तस्राव नाही ना एवढं विचारून अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात. मग १०८. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) इथून साधारण ३० किलोमीटर, तेव्हा स्वतःच्या गाडीने जा असं कधीच सांगत नाहीत. सोबतची चिठ्ठी नमुनेदार असते: दुखणं किती वाजता सुरू झालं, ईसीजी किती वाजता काढला, काय दिलं, किती मिलिग्रॅम, आधीची औषधं, अ‍ॅलर्जी, नोंदणी क्रमांक, सही. "कृपया पुढील उपचार करावेत" एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीवर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या विमा योजनेचं कार्ड आहे का, हेही काउंटरवर विचारतात. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठीच ते चालतं, इथल्या फीसाठी नाही, हे आधीच स्पष्ट सांगतात.

बाकीचं थोडक्यात. सुया हब कटरने तोडतात. दाराशी तीन पायऱ्या आहेत, उतार नाही, व्हीलचेअर उचलावी लागते. सोमवारी सकाळी दीड-दोन तास मोडतात, बुधवारी बारानंतर गेलात तर अर्ध्या तासात काम होतं.

सगळ्यात मोठा दोष मात्र पेशंट घरी गेल्यावर सुरू होतो. लॅबचे रिपोर्ट संध्याकाळी दवाखान्याच्या मोबाईलवर येतात. ते कोणी वाचायचे हे ठरलेलं नाही. काउंटरवर सांगतात, "फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे." हे चुकीचं आहे. फोन न येण्याची दुसरी कारणंही असतात: रिपोर्ट आलाच नाही, आला पण उघडला नाही, सकाळच्या डॉक्टरांना वाटलं संध्याकाळचे बघतील. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या एकत्र घेणाऱ्या पेशंटचं पोटॅशियम ६ च्या वर असल्याचा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी आला आणि सोमवारी दिसला, तर मधला रविवार हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचा असतो. नमुना उशिरा पोचल्यानेही पोटॅशियम खोटं वाढतं, म्हणून त्याच दिवशी पुन्हा रक्त आणि ईसीजी घ्यावा लागतो. त्यासाठी रिपोर्ट कोणीतरी उघडायला हवा. आणि रविवारी दवाखाना बंद असताना कुठे जायचं, याची साधी पाटीसुद्धा दारावर नाही. शहरातच सरकारी सामाजिक आरोग्य केंद्र आहे, एवढं लिहायला एक कागद पुरे.

इलाज स्वस्त आहे. एक वही आणि चार रकाने: रक्त कधी घेतलं, रिपोर्ट कधी आला, कोणी वाचून सही केली, पेशंटला कधी कळवलं. दवाखाना बंद करण्याआधी कोरे रकाने बघायचे. लॅबला सांगून ठेवायचं की धोक्याचा आकडा आला तर मेसेज नको, फोन करा, आणि तो डॉक्टरांच्याच नंबरवर. ही वही सुरू होईपर्यंत इथे रक्त देणाऱ्यांनी काउंटरवर रिपोर्ट कोण वाचणार आणि किती वाजेपर्यंत ते विचारून घ्यावं, लॅबकडून स्वतःच्या मोबाईलवरही प्रत मागवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आपण होऊन फोन करावा.