हॉप्स ‘वर्षभर उणे १८ ला ठेवून देतो’ म्हणणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नका

लातूरला आम्ही काही मित्र घरी हॉप्सचा सोडा करतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. आपल्या राज्यात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, त्यामुळे दारूचा संबंध नाही. हॉप्स गरम पाण्यात मुरवायचे, गाळून गार करायचं, लिंबू आणि सोडा घालायचा. सगळी चव हॉप्सच्या ताजेपणावर. आणि अमेरिका-जर्मनीत हे पीक निघतं ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, वर्षातून एकदाच. पुढं सगळा खेळ साठवणीचा.

आम्ही ज्या व्यापाऱ्याकडून हॉप्स घेतले, त्यानं नेमकी हीच नस पकडली. "दादा, तुमच्याकडं लाईटचा काय भरवसा? वर्षाचे पैसे आत्ताच भरा. माल तुमच्या नावानं कोल्ड स्टोरेजला उणे १८ अंशांवर राहील, लागंल तसा पाठवतो." भाडं वेगळं घेतलं. आम्ही कॅस्केड हा अमेरिकन हॉप्सचा वाण सांगितला. सुरुवातीची पाकिटं चोख आली: चंदेरी, हवा काढलेली, लॉट नंबर आणि हंगामाचं साल छापलेलं. फोडताच पपनसाचा घमघमाट.

उन्हाळ्यात आलेली पाकिटं मात्र साध्या पारदर्शक प्लास्टिकची. पॅकिंगची तारीख ताजी, हंगामाचं साल गायब. दाबलेल्या हॉप्सच्या हिरव्या गोळ्या तपकिरी पडलेल्या, बोटांत चुरा होणाऱ्या, वास घामेजल्या मोज्यांचा. फोन केला तर म्हणे, "निसर्गाची वस्तू आहे दादा, लॉट बदलला की वास बदलतो."

हे धादांत खोटं आहे. तो वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. हॉप्समधल्या कडू आम्लांना हवा लागून ती मोडली की ते तयार होतं. कॅस्केड त्यात फार नाजूक: २० अंशांवर सहा महिने राहिला तर त्यातली अल्फा आम्लं, म्हणजे मुख्य कडू आम्लं, जवळपास निम्मीच उरतात. तापमान १५ अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ वर जातो!

शेवटी छत्रपती संभाजीनगरजवळच्या त्याच्या गोडाऊनवर गेलो. कोल्ड स्टोरेज होतं, पण चिंच-मिरचीचं, आणि तापमानाचा काटा शून्याच्या वरच होता. आमचा माल तिथंही नव्हता. तो शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या पिशव्यांत. सीलबंद पाकिटं केव्हाच दुसऱ्यांना गेली, असं तिथल्या हमालानंच सांगितलं. भाड्याची पावती मागितली तर मालकाचा आवाज चढला. संताप येतो तो यासाठी की, लोक पै-पै जमवून हा छंद जपतात.

लाईटच्या ज्या भीतीवर त्यानं धंदा केला, ती मुळात एवढी मोठी नाही. हॉप्सचा खरा वैरी हवा. न फोडलेलं चंदेरी पाकीट घरच्या फ्रीजरमध्ये असेल, तर चार-सहा तास लाईट गेल्यानं माल वाया जात नाही. म्हणून १०० ग्रॅमची छोटी सीलबंद पाकिटं घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. हंगामाचं साल व लॉट नंबर नसेल तर पैसे देऊ नका. पॅकिंगच्या तारखेला काही अर्थ नाही. फोडलेलं पाकीट हवा दाबून काढून, घट्ट बंद करून परत फ्रीजरमध्येच.

कोणी अडकलं असेल तर पाकिटांचे फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि मेसेज पुसू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमचे कागद तिथं दिलेत.