दोन हजार एकशे एक्कावन्न रुपयांची पेटी आणि माझी ‘संमती’

नागपूरच्या आमच्या मानेवाडा भागातील भजनी मंडळाची पेटी गेल्या पावसाळ्यात ओल धरून बसली. भाता गळू लागला, मध्य सप्तकातील दोन सूर दाबले की चिकटून वाजतच राहू लागले, आणि महालातील ज्या कारागिराकडे मी ती नेली त्यांनी वरची फळी उचलताच सांगितले की या दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घातली तर जुनी पण धड पेटी मिळेल. नवी स्केल चेंजर, म्हणजे गायकाच्या आवाजाप्रमाणे सूर वर-खाली सरकवता येणारी पेटी घेणे माझ्या निवृत्तिवेतनात बसणारे नव्हते, म्हणून मी ऑनलाइन लिलावाच्या एका संकेतस्थळावर शोध सुरू केला.

पंधरा दिवसांनी हवी तशी पेटी दिसली. खर्ज-नर असे सुरांचे (आत वाजणाऱ्या पितळी जिभांचे) दोन संच, नऊ पट्ट्यांचे स्केल चेंजर, पाणीदार सागवानी खोका. छायाचित्रे सहा होती आणि मी ती मोठी करून इतक्या वेळा पाहिली की आजही डोळ्यांसमोर आहेत : डावीकडून तिसऱ्या स्टॉपची (हवा सोडण्या-अडवण्याच्या खुंटीची) मूठ तुटलेली असून तिथे हिरवा दोरा बांधलेला होता, आणि वरच्या सप्तकातील एका पांढऱ्या पट्टीचा कोपरा टवका उडून पिवळा पडला होता. लिलावाची सुरुवातीची बोली एक रुपया होती आणि किमान राखीव किंमत ठेवलेली नाही, असे विक्रेत्याने स्वतः नमूद केले होते. त्याच्या पानावर अशा पेट्या, तबले आणि तानपुरे मिळून चाळीसेक वस्तू विक्रीला होत्या, म्हणजे तो घरातील अडगळ काढणारा माणूस नव्हता, व्यापारी होता.

लिलावाची मुदत नेमकी लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा वाजता संपत होती. त्या वेळी फटाके सोडून मोबाईलकडे कोण बघणार? मी जास्तीत जास्त नऊ हजारांची बोली नोंदवून ठेवली होती. अशा पद्धतीत आपली पूर्ण रक्कम लागत नाही, समोरच्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर इतकीच लागते. दुसऱ्या बोली लावणाऱ्याने दोन हजार शंभरावर हात आखडला आणि अकराला पेटी २,१५१ रुपयांना माझ्या नावावर झाली. मी लगेच संकेतस्थळावरूनच पैसे भरले. बाजारात अशा पेटीला सहज पंचवीस हजार मागतात, त्यामुळे आनंदात थोडी धाकधूक होती, हे कबूल करतो.

भाऊबीजेच्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला. अत्यंत नम्र आवाज, प्रत्येक वाक्यात ‘काका’. म्हणाला, “काका, गोदामात मजुराच्या हातून पेटी पडली, भाता फाटला आणि सुरांची पाटी तडकली. तुम्हाला मोडका माल कसा पाठवू? तुम्ही ही खरेदी दोघांच्या संमतीने रद्द करा, पैसे परत येतील. मी दुरुस्त करून त्याच किमतीत थेट तुमच्याकडे पाठवतो, फक्त नवीन सुरांचे तीन हजार आधी द्या.” शेजारी बसून हे ऐकणारी माझी पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, मोडली म्हणतो तर मोडलेल्या पेटीचा फोटो मागा ना.” मी मागितला नाही. एवढ्या कमी किमतीत वस्तू घेतल्याचा संकोच माझ्या मनात होता, आणि तो विक्रेत्याने माझ्या आधी ओळखला होता. पस्तीस वर्षे मुलांच्या सबबी ऐकलेल्या माणसाला ही सबब ओळखता आली नाही, याचे मला अजून नवल वाटते.

मी संकेतस्थळावर रद्द करण्याच्या विनंतीखाली ‘मान्य’ हे बटण दाबले आणि त्याने पाठवलेल्या यूपीआय क्रमांकावर तीन हजार रुपये पाठवले. २,१५१ रुपये पाच दिवसांत खात्यात परत आले. तीन हजारांबाबत आधी ‘कारागीर गावाला गेला आहे’, मग ‘सूर आले नाहीत’, आणि मग फोन बंद. बाराव्या दिवशी रात्री सहज शोधताना तीच पेटी पुन्हा विक्रीला दिसली. आता लिलाव नव्हता, १८,५०० रुपये ठरीव किंमत होती. छायाचित्रे नवी, पार्श्वभूमीला दुसरी चादर, पण तिसऱ्या स्टॉपवर तोच हिरवा दोरा, वरच्या सप्तकात तोच पिवळा कोपरा, आणि भाता अगदी शाबूत.

मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. पोच वेळेत आली. पुढचे उत्तर मात्र दोन ओळींचे होते : खरेदी दोन्ही पक्षांच्या संमतीने रद्द झाली असून रक्कम परत केली आहे, आणि संकेतस्थळाबाहेर झालेल्या व्यवहाराची जबाबदारी आमच्यावर नाही. नियमांत बोट ठेवायला त्यांनी जागाच सोडली नव्हती, आणि ती जागा मीच बुजवली होती. विक्रेत्याने एकतर्फी नकार दिला असता तर त्याच्या नावावर नोंद झाली असती, मला कराराचा भंग दाखवता आला असता. माझ्या एका दाबण्याने तो भंग उरलाच नाही.

धरमपेठेतील एका परिचित वकिलांकडे सर्व कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी सर्वांत आधी विचारले, “काका, ‘मान्य’ कोणी दाबले?” मग समजावून सांगितले. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार लिलावात हातोडा पडला किंवा प्रचलित रीतीने समाप्ती जाहीर झाली की विक्री पूर्ण होते. तोवर बोली लावणाराही आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याला किमान किंमत राखून ठेवण्याचा हक्कही त्याच कलमात आहे, पण तो आधी जाहीर करून वापरायचा असतो. १८७२ च्या करार कायद्यात कलम २५ चे दुसरे स्पष्टीकरण सांगते की मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्दबातल ठरत नाही; मात्र संमती खुशीची होती की नाही हे ठरवताना तो अपुरेपणा विचारात घेता येतो. माझ्या मते ठरीव किमतीच्या वस्तूवर अठरा हजारांऐवजी चुकून एकशे ऐंशी छापले गेले तर त्या दुकानदाराला वेठीला धरणे योग्य नाही, ती उघड चूक असते आणि ग्राहकालाही ती कळते. एक रुपयापासून लिलाव लावणारा माणूस मात्र चुकत नाही. गिऱ्हाईक ओढण्यासाठी तो जाणूनबुजून जोखीम घेतो, आणि जोखीम अंगावर आली की माल फुटतो.

वकिलांनी जर्मनीतील एक निकाल सांगितला. तिथे एका माणसाने ईबेवर आपली जुनी फोक्सवागन पासाट एक युरोपासून लिलावाला लावली. एकाने कमाल ५५५.५५ युरोंची बोली नोंदवली. विक्रेत्याला बाहेर ४,२०० युरो देणारा गिऱ्हाईक मिळताच त्याने लिलाव मध्येच थांबवला. त्या क्षणी बोली एका युरोवर होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने भरपाई मान्य केली : गाडीची किंमत ५,२५० युरो, त्यातून बोलीचा एक युरो वजा करून ५,२४९ युरो. स्वस्तात मिळण्याची आशा हाच लिलावाचा मोह असतो आणि विक्रेत्याने तो धोका स्वतःहून पत्करला होता, असा त्या निकालाचा आशय. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, पण भरपाई कशी मोजतात हे त्यातून कळते. आपल्याकडेही करार मोडला तर करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसान मागता येते.

तीन हजारांसाठी मी १९३० या क्रमांकाच्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी तेरा दिवसांनी कळवले. तोवर ते खाते रिकामे झाले होते.

ज्यांना कमी बोलीत वस्तू लागली आणि विक्रेता काचकूच करू लागला, त्यांनी फोनवर बोलणे टाळून सर्व संवाद संकेतस्थळावरील संदेशांतच ठेवावा, लिलाव संपल्याचे पान वेळेसह टिपून ठेवावे, वस्तू तुटल्याचे सांगितल्यास तुटलेल्या वस्तूचे छायाचित्र मागावे, आणि खरेदी रद्द करायची असल्यास ती विक्रेत्यालाच त्याच्या नावावर रद्द करू द्यावी. त्याने ‘माझे मानांकन खराब होईल’ म्हणून कितीही गळ घातली तरी ‘मान्य’ दाबू नये. विक्रेता व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्याच्या गावी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि वस्तूचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. विक्रेता घरगुती वस्तू विकणारा साधा माणूस असेल तर मात्र हा मार्ग बहुधा बंद असतो आणि दिवाणी न्यायालय उरते, जिथे दोन हजारांच्या पेटीसाठी कोणी जात नाही.

मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. खोटे कारण सांगून मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे, असा वकिलांचा मुद्दा आहे, आणि दोन्ही वेळची छायाचित्रे, तो हिरवा दोरा गोल करून दाखवलेली, सोबत जोडली आहेत. तोवर मंडळाच्या जुन्या पेटीच्या भात्याला मी मेणकापडाची पट्टी चिकटवली आहे. एकादशीला काळी दोन या सुरात गाताना ती फुसफुसते, आणि मग आमचे टाळकरी टाळ थोडे जोरात वाजवतात.