फिरणारा चौकोन शेजाऱ्यांना ढकलतोय: मॅटर जेएस लावायचं की गणित स्वतः करायचं?

वेबपानावर एका ओळीत सात चौकोन, मधला फिरतोय आणि फिरताना दोन्हीकडच्यांना बाजूला सारतोय, एवढंच हवं होतं. सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) रोटेटने हे होत नाही, कारण चौकोन फिरला तरी लेआउटमधली त्याची जागा तेवढीच राहते आणि शेजारी ढिम्म हलत नाहीत. मग उरले दोन रस्ते, मॅटर जेएस (ब्राउझरमध्ये आकारांच्या टकरी आणि धक्के हिशोबाने घडवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) किंवा जागेचं गणित स्वतः करणं, मी दोन्ही करून पाहिले.

मॅटर जेएस पहिल्या तासात खूश करतं हे खरं. ग्रॅव्हिटी शून्य केली, मधल्याला फिरण्याचा वेग दिला की कोपरा लागून शेजारी सरकतात, जरा तिरकेही होतात, आणि तो जिवंतपणा हाताने आणणं अवघड आहे. फक्त दर फ्रेमला सेटअँगलने कोन बदलत बसू नका, त्यात इंजिनला वेग कळत नाही, कोपरा सरळ शेजाऱ्याच्या पोटात शिरतो आणि मग इंजिन त्याला बाहेर फेकतं.

मला नडलं ते वेगळंच. माझं काम होतं एका दुकानातल्या स्क्रीनवर दिवसभर चालणारा ८ सेकंदांचा लूप. चौकोन ९०° फिरला की पहिल्यासारखाच दिसतो, म्हणजे लूप आपोआप जुळायला हवा ना, पण ढकललेले शेजारी आपणहून परत येत नाहीत, त्यांना कन्स्ट्रेंटच्या (आकाराला एका बिंदूशी बांधून ठेवणाऱ्या जोडाच्या) स्प्रिंगने ओढून आणलं तरी दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे राहायचे, आणि दर ८ सेकंदांनी सगळी ओळ उचकी लागल्यासारखी दचकायची. स्टिफनेस (स्प्रिंगचा ताठपणा) बदलला, डॅम्पिंग (हेलकावे शमवणं) वाढवलं, दोन संध्याकाळी गेल्या, उचकी काही गेली नाही.

शेवटी गणितावर आलो. फिरलेल्या आयताची आडवी जागा म्हणजे रुंदी गुणिले कॉस अधिक उंची गुणिले साइन, दोन्हींचं ऋण चिन्ह काढून. १०० पिक्सेलचा चौकोन ४५° ला साधारण १४१ जागा घेतो, म्हणजे दोन्हीकडचे सुमारे २१ पिक्सेल सरकवायचे, आणि ९०° ला बरोबर १००, त्यामुळे शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम तंतोतंत एक. एक सांभाळा, ९०° ला आत येणारा शेजारी त्याच क्षणी उलटा बाहेर जायला लागतो आणि धक्का जाणवतो, म्हणून प्रत्येक पाव फेरीला ईज-इन-आउट (सुरुवातीला आणि शेवटी हळू, मध्ये वेगात) द्या.

उणीव यातही आहे. शेजारी गोल असेल तर ०°, ४५° आणि ९०° सोडून बाकीच्या कोनांवर फट दिसते, कारण चौकोनाचा कोपरा तेव्हा गोलाच्या मधल्या रेषेवर नसतो. आणि विखुरलेल्या ढिगात एखादा आकार फिरवायचा असेल तर मी म्हणेन मुकाट्याने मॅटर जेएस घ्या, तिथे सूत्र पुरणार नाही. पण ओळ असेल आणि लूप असेल तर, निदान माझ्या अनुभवात तरी, सूत्रच बरं पडलं. तो लूप अजून त्या दुकानात चालू आहे, मी मध्ये जाऊन बराच वेळ बघत उभा होतो, जोड कुठे आहे ते मलाही सापडलं नाही.